नर्सरीची लिस्ट लागेपर्यंत

बडोद्यात वासणा-भायली रोडला राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. मुलगी मार्चमध्ये तीन वर्षं पूर्ण करेल. तीन शाळांत नर्सरीचे फॉर्म भरले होते. एकीने नकार कळवला, दुसरीत नाव वेटिंगवर आहे आणि तिसरी ‘पंधरा दिवसांत कळवू’ म्हणाली त्याला महिना होत आला. तिसऱ्या शाळेत भेटीच्या दिवशी मुलगी टेबलाखाली जाऊन बसली. सफरचंदाचं चित्र दाखवलं तर ‘डाळिंब’ म्हणाली. आमचीच शाळा का, असं विचारल्यावर मिस्टर ‘जवळ आहे म्हणून’ असं म्हणाले, आणि त्या दिवसापासून नवराबायकोत धड बोलणं नाही. धाकट्या जाऊबाईंच्या मुलाचं ॲडमिशन झालंय. सासूबाई रोज सकाळी चहाबरोबर विचारतात, ‘आला का गं फोन?’ आईची झोप उडाली आहे. मुलगी चार महिने कोरडी झोपत होती, ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. भर म्हणजे परवा तिने बाहुल्या ओळीत बसवल्या आणि एकीला म्हणाली, ‘तुला नाही घेणार.’ आईचे प्रश्न दोन: आमचं काय चुकलं, आणि आता मी काय करू?

ताई, आधी पहिला प्रश्न. तो डोक्यातून गेल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही.

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले आहे. बालवाडीचे प्रवेश बघितले, आता आईवडिलांशी बोलण्याचं काम करते. पालकांना वाटतं की भेटीनंतर आम्ही दार लावून प्रत्येक मुलावर खल करतो. तसं होत नाही. आधी जागांचा हिशोब होतो. समजा नर्सरीचे दोन वर्ग आहेत, तीस-तीस मुलांचे. साठ जागा. शाळेत आधीच शिकणाऱ्यांची धाकटी भावंडं वीसेक निघतात. शिक्षकांची नि कर्मचाऱ्यांची मुलं चार-पाच. माजी विद्यार्थी, संस्थेच्या ओळखीपाळखी, यांची नावं कुणी मोठ्याने घेत नाही, पण ती असतात. उरल्या तिसेक. त्यात मुलगे-मुली साधारण सारखे हवेत, सगळीच मुलं जून-जुलैतली किंवा सगळीच मार्च-एप्रिलमधली नकोत, आणि व्हॅनच्या रस्त्यावरची थोडी हवीत. त्या तीस जागांसाठी काही शे फॉर्म. म्हणजे पुष्कळशा मुलांचा निकाल ती दारातून आत यायच्या आधीच लागलेला असतो, फक्त तो कुणी त्यांना सांगत नाही. शाळांचं हे मला कधीच पटलेलं नाही. भावंडांच्या जागा जाऊन खुल्या किती उरल्या, एवढं फॉर्मवर छापायला काय हरकत आहे? निम्मी कुटुंबं शांत झोपतील.

जाऊबाईंच्या मुलाचं कसं झालं हे मला ठाऊक नाही. पण थोरलं भावंड त्याच शाळेत असेल, तर कारण तिथेच संपलं.

आता टेबलाखालचं. तीन वर्षांचं मूल अनोळखी खोलीत येतं. तिथे अनोळखी बाई बसलेल्या, आईचा हात घामेजलेला, बाबा खुर्चीच्या टोकावर. अशा वेळी ते लपलं, तर अनुभवी शिक्षिका त्यापुढे काय होतं ते बघते. मूल आईकडे वळून बघतं का? आईने पाठीवर हात ठेवला की सैल होतं का? दोन-पाच मिनिटांनी कुतूहल वाटून डोकं बाहेर काढतं का? दुसऱ्या मुलाच्या हातातल्या ठोकळ्याकडे लक्ष जातं का? आमच्या कागदावर रंग, आकडे यांच्यापेक्षा हे रकाने मोठे असायचे. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मुलांच्या वाढीचे टप्पे दिले आहेत. त्यात पाळणाघरासारख्या ठिकाणी पालक सोडून गेल्यावर दहा मिनिटांच्या आत शांत होणं हे तीन वर्षांचं लक्षण आहे, आणि काही रंगांची नावं सांगणं हे चार वर्षांचं. तुमच्या मुलीला अजून वर्ष आहे.

डाळिंबाबद्दल मला तर कौतुक वाटलं. लाल, गोल, वर देठासारखं काहीतरी. ज्या घरात सफरचंदापेक्षा डाळिंब जास्त सोललं जातं, तिथलं मूल डाळिंबच म्हणणार. ते तर्क लावून बोललं. हे जिला कळत नाही अशा शिक्षिकेच्या वर्गात मुलगी गेली नाही, तर बरंच झालं म्हणायचं.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की घरी मराठी बोलतो, सोसायटीत गुजराती, कार्टून हिंदीत, आणि त्यामुळे तिचं इंग्रजी मागे पडलं का. बडोद्याच्या निम्म्या मराठी घरांत हाच प्रश्न आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात वाढलेली आजी एक बोलते, रिक्षावाले काका दुसरं, आणि मूल दोघांना ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देतं. अनेक भाषा कानावर पडल्याने बोलणं मागे पडत नाही. शब्द मोजायचेच असतील तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्दांची वाक्यं जोडत असेल, घरच्याच नव्हे तर परक्यालाही त्यातलं बरंच कळत असेल, तर चिंता नाही. तसं नसेल, तर मात्र शाळेच्या निकालाची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानाची तपासणी करून घ्या. घरी मराठी बंद करून ‘से ॲपल बेटा’ सुरू करू नका. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पायाभूत टप्प्याचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा, जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, तोसुद्धा या वयात घरच्या भाषेवर आणि खेळावर भर देतो, आणि तीन ते सहा वयाच्या मुलांच्या परीक्षा घेणं अयोग्य मानतो.

आणि मिस्टरांचं उत्तर. ‘जवळ आहे म्हणून’ याच्याइतकं खरं उत्तर मी त्या खुर्चीवरून क्वचित ऐकलंय. बहुतेक बाबा शाळेच्या वेबसाइटवरचं ध्येयवाक्य पाठ करून येतात. ‘सर्वांगीण विकास’ एका दिवसात पंधरा वेळा ऐकल्यावर कुणीतरी ‘जवळ आहे’ म्हणालं, तर आम्ही मान वर करून बघायचो. तीन वर्षांच्या मुलाला जून-जुलैच्या पावसात पाऊण तास व्हॅनमध्ये बसवण्यापेक्षा दहा मिनिटांची शाळा केव्हाही चांगली. आज रात्री जेवताना त्यांच्याशी बोला.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच, की चुकलं काही नाही. जागा कमी होत्या.

आता दुसरा. तुम्ही दिवसातून किती वेळा फोन, ईमेल आणि पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप बघता ते लिहिलेलं नाही, पण झोप उडाली आहे म्हणजे रात्रीही बघत असाल. होतं असं की बघितलं, काही नाही आलेलं, क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. पाच मिनिटांत जीव पुन्हा वर. मग पुन्हा बघायचं. त्या क्षणभराच्या सुटकेनेच बघण्याची सवय पक्की होते आणि काळजी वाढते. ‘बघूच नका’ असं मी म्हणणार नाही, ते जमत नाही. वेळ ठरवा. शाळेची ऑफिसं दिवसा चालतात, रात्री साडेअकराला कुणी लिस्ट लावत नाही. सकाळी अकराला एकदा, दुपारी चारला एकदा, आणि तेही मिस्टरांनी बघायचं. ग्रुप म्यूट करा. त्या ग्रुपवर ज्यांचं झालं ते लिहितात, ज्यांचं नाही झालं ते गप्प बसतात, म्हणून तुम्हाला वाटतं सगळ्यांचं झालं.

सासूबाईंना मिस्टरांनीच सांगायला हवं, तेही प्रेमाने: ‘आई, कळलं की सगळ्यात आधी तुला सांगतो, तोवर तिच्यासमोर विषय नको.’ सुनेने सांगितलं तर ते उलट उत्तर ठरतं, मुलाने सांगितलं तर निरोप. अन्याय आहे, पण आपल्याकडे आहे हे असं आहे.

‘तिच्यासमोर’ हा शब्द मात्र फार महत्त्वाचा. बाहुलीला ‘तुला नाही घेणार’ म्हणायला लेक कुठून शिकली? घरातूनच. फोनवर तुम्ही बहिणीशी बोलत होतात, ती शेजारी ठोकळे लावत होती. या वयाची मुलं अर्थ पुरता समजत नसली तरी सूर अचूक पकडतात, आणि नवीन जागा धोक्याची की बरी हे आईच्या चेहऱ्यावरून ठरवतात. तिला ‘नाही घेणार’ म्हणजे काय हे कळलेलं नाही. ते वाक्य आलं की आईचा चेहरा पडतो, एवढं कळलंय.

तो खेळ थांबवू नका आणि ‘असं नाही बोलायचं’ म्हणून दुरुस्तही करू नका. शेजारी जाऊन बसा. तिने नाकारलेल्या बाहुलीला उचला आणि तिच्या तोंडून विचारा, ‘मग मी कुठे जाऊ?’ तिला उत्तर देऊ द्या. बहुतेक मुलं लगेच दुसरी शाळा काढतात, कधी पलंगाखाली, कधी स्वयंपाकघरात. तुमच्या लेकीने पलंगाखाली शाळा काढली, तर तिथे नाव घालून टाका. तिने थेट विचारलं तर एवढंच सांगा: ‘पावसाळ्यात तू शाळेत जाणार आहेस. कुठल्या, ते आई-बाबा ठरवताहेत. ठरलं की तुला शाळा दाखवायला नेऊ.’ हे खरं आहे, आणि तिला एवढंच हवं आहे. विशिष्ट शाळेचं नाव घेऊन ‘तिथे किती मज्जा’ असं रंगवू नका. समोरून जाताना ‘ही आपली शाळा’ तर अजिबात नको.

अंथरूण ओलं होण्याचं टेन्शन घेऊ नका. पाच वर्षांच्या आत डॉक्टर त्याला आजार म्हणतच नाहीत. कोरडं झोपायला लागलेलं मूल घरात ताण असला की काही दिवस मागे जाऊ शकतं. चादर बदला, बोलू नका. लघवीला जळजळ, ताप, खूप तहान असं काही दिसलं, तर डॉक्टरांकडे.

दिवस भरायला उद्योग हवेत, पण ‘इंटरव्ह्यूची तयारी’ नको. जूनमध्ये कुठल्याही शाळेत तिला जे लागेल तेवढं शिकवा. डब्याचं झाकण उघडणं, बाटलीचं बूच लावणं, चप्पल उलटसुलट ओळखणं, आणि सू लागली हे शाळेतल्या मासींना, म्हणजे मदतनीस मावशींना, कळेल अशा शब्दांत सांगणं. बडोद्यात त्या बहुधा गुजराती बोलतात, म्हणून तो एक शब्द तिला माहीत असू दे. संध्याकाळी कमाटीबागेत न्या, मोकळं पळू द्या. तुमचंही डोकं हलकं होईल.

तुमच्याबद्दल एक वाक्य. झोप उडणं, रडू येणं, कशातच मन न लागणं हे दिवसाचा बहुतेक वेळ आणि दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते ‘ॲडमिशनचं टेन्शन’ म्हणून सोडू नका. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन फुकट आहे, आणि बडोद्याच्या सरकारी एसएसजी हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे.

आता व्यवहाराचं. यात पालक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा तपशिलात.

शाळेचं वेटिंग रेल्वेच्या वेटिंगसारखं क्रमाने सरकत नाही. मुलग्याची जागा सुटली तर बहुधा मुलग्यालाच देतात, म्हणून तुमचा नंबर चौथा असून सातव्याला फोन जाऊ शकतो. त्यावरून कुणाच्या वशिल्याचा तर्क काढत बसू नका. यादी मुख्यतः तीनदा हलते. पहिल्यांदा फी भरायच्या मुदतीनंतर, कारण तुमच्यासारखेच सगळे तीन-तीन ठिकाणी फॉर्म भरून बसलेले असतात आणि शेवटी एकाच जागी पैसे भरतात. दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये, बदल्यांच्या वेळी. बडोद्यात ओएनजीसी, रिफायनरी, रेल्वे यांची बदलीची माणसं पुष्कळ आहेत, त्यांची मुलं सुटतात आणि येतातही. तिसऱ्यांदा शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. म्हणून वेटिंग म्हणजे सभ्य नकार असं धरू नका, आणि त्याच्या भरवशावरही राहू नका. फी भरायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी शाळेला दोन ओळींचा ईमेल करा: नाव, फॉर्म नंबर, आम्हाला जागा अजून हवी आहे, बोलावल्यास दोन दिवसांत फी भरू. पुष्कळ पालक गप्प बसतात, आणि ऑफिसातल्या माणसाला तयार असलेल्याला फोन करणं सोपं जातं. रोज गेटवर जाऊन उभं राहण्याचा उपयोग होत नाही, वॉचमनची ओळख तेवढी होते.

कुणी ‘मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो’ म्हणत असेल, तर चहा पाजून वाटेला लावा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ कॅपिटेशन फी (जाहीर फीशिवाय घेतलेली देणगी) आणि मुलाची वा पालकांची चाळणी या दोन्हींना मनाई करतं. कॅपिटेशन फीसाठी दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत, चाळणीसाठी पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत. कायदा सहा ते चौदा वयाचा असल्यामुळे नर्सरीला तो कितपत लागतो यावर वकील भांडतात. तुमच्यासाठी साधा नियम: पावती नाही तर पैसे नाहीत. गुजरातेत २०१७ पासून खाजगी शाळांच्या फीवर नियमन समिती आहे, त्यामुळे मंजूर फी किती हे शाळेला विचारताना संकोच नको. जागा ‘धरून ठेवायला’ दोन-तीन ठिकाणी पैसे भरण्याआधी कोणती रक्कम परत मिळते आणि किती तारखेपर्यंत, हे लेखी घ्या. तोंडी ‘मिळतील ना बेन’ याला काही अर्थ नाही.

वयाचं एक, तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्या इतरांसाठी. गुजरातच्या नियमाप्रमाणे १ जूनला तीन वर्षं पूर्ण नसतील तर बालवाडीत घ्यायचं नाही, आणि २०२३-२४ पासून १ जूनला सहा पूर्ण नसतील तर पहिलीत नाही. ज्यांनी अडीच वर्षांचं मूल घाईने घातलं होतं, ते २०२३ मध्ये हायकोर्टात गेले. कोर्टाने याचिका फेटाळली, आणि तीन वर्षांच्या आत मुलांना बालवाडीत ढकलणं हे पालकांचं बेकायदा कृत्य आहे असंही सुनावलं. त्या मुलांचं वाचवलेलं वर्ष शेवटी कुठे गेलं?

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होत असे. त्याच बडोद्यात आज आईबाप फॉर्म घेऊन रांगेत आहेत आणि शाळा ‘कळवू’ म्हणते. असो.

नकार आलेल्या आणि अडकलेल्या शाळा बाजूला ठेवून या आठवड्यात घराजवळच्या दोन साध्या बालवाड्या बघून या. सकाळी दहाच्या सुमारास जा, वर्ग चालू असताना. स्वच्छतागृह बघायला मागा. दाखवायला कां-कूं केली तर तिथूनच परत या. एका बाईंपाशी मुलं किती ते मोजा. भिंतीवरची चित्रं मुलांच्या हातची आहेत की मोठ्यांनी कापून चिकटवलेली? वाळू, पाणी, घसरगुंडी, मोकळी जागा आहे का? रडणाऱ्या मुलाला काय करतात? तीन वर्षांच्यांकडून वही भरून एबीसी गिरवून घेत असतील, तर इमारत कितीही चकाचक असो, नको. ‘मेंदूची पंच्याऐंशी टक्के वाढ सहा वर्षांच्या आत’ हे वाक्य हल्ली प्रत्येक जाहिरातीत असतं. ते २०२० च्या शैक्षणिक धोरणातलं आहे, पण त्यात शाळेच्या ब्रँडबद्दल काही नाही. मुलाशी बोलणारं, खेळणारं, त्याला वेळ देणारं माणूस लागतं. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या मानवविकास विभागाची चेतन बालवाडी आहे, तशा ठिकाणी डोकावलात तर या वयाच्या मुलांचा वर्ग कसा दिसावा याची कल्पना येईल. मग बाकीच्या शाळा त्या नजरेने बघाल.

त्यातली एक पसंत पडली तर तिथे नाव घाला आणि तिलाच शाळा म्हणा, ‘तात्पुरती’ म्हणू नका. समजा जुलैमध्ये वेटिंगवाल्या शाळेचा फोन आलाच, तर लगेच हो म्हणू नका, एक रात्र मागून घ्या. मुलगी सकाळी रडत नसेल, एखाद्या मैत्रिणीचं नाव घरी घेत असेल, तर मी तिला हलवणार नाही. रोज रडत असेल किंवा व्हॅनचा प्रवास झेपत नसेल, तर हलवेन. आणि पुढची संधी कुठे आहे हे त्या फोनवरच विचारून घ्या: काही शाळा ज्युनियर केजीला एक वर्ग वाढवतात, त्याचे फॉर्म दिवाळीनंतर निघतात.